तीनशे मीटर आणि घोटाभर पाणी

पऱ्हे हिरवेगार होऊन वाऱ्यावर हलायला लागले, की गावातली माणसं खूश होतात आणि माझ्या डाव्या मनगटाला घाम सुटतो. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती हातभर झाली की उपटायची, त्यांच्या पेंढ्या बांधायच्या आणि चिखल करून ठेवलेल्या बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या खाचरांमध्ये, एकेक रोवायची. आषाढात आमच्या दिघोरीकडे कुठेही मान वळवा, वाकलेल्या पाठीच पाठी दिसतात. बाहेरगावची माणसं गाडी थांबवून फोटो काढतात. मी बांधावर उभा राहून मनगट चाचपत असतो.

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करायला नको. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पोरं मला कडक गुरुजी समजतात. त्यांना काय माहीत, साहेब तपासणीला येणार म्हटलं की गुरुजी सकाळपासून तीनदा परसाकडे जातात. विजा, कुत्री, डॉक्टरचं अक्षर, रात्री वाजलेला फोन, सगळ्याची मला भीती वाटते. आणि आमचं घर कसं, तर आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव स्वतःच्या हाताने तलावात सोडलेले. बाबा म्हणत, "जो भेव दाखवते, त्याच्यापुढं वाकाचं नाई." नवस नाही, अंगारा नाही, मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराकडे बघतसुद्धा नाही. अशा घरात भित्रं पोर जन्माला आलं. बाबांनी ते मनाला लावून घेतलं नाही, एवढं त्यांचं मोठेपण.

लहानपणी शाळेच्या वाटेवर एक नाला होता. पावसाळ्यात पाणी गुडघ्याच्या वर चढायचं. थोरला भाऊ पुढे, मी मागे. काठावर आलो की माझे पाय जमिनीत रुतायचे. एकदा दादाने खिशातून कोंबडीचं अंडं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "मास्तरीणबाईले द्याचं आहे. फुटू देऊ नको, नाईतर आई तुले मारन." मी अंडं दोन्ही हातांनी धरून, डोळे त्याच्यावरच ठेवून, एकेक पाऊल टाकत पलीकडे गेलो. नाला केव्हा ओलांडला ते कळलंही नाही. पुढे तो बरेचदा अंडं द्यायचा. मास्तरीणबाई इतकी अंडी खातात याचं मला नवल वाटे.

तर हा दादा. आयटीआय करून आखातात गेला, तिथल्या कारखान्यात वीस वर्षं राबला, आणि परत येताना स्वतःसाठी एकच वस्तू घेऊन आला. मनगटावरचं घड्याळ. स्वित्झर्लंडचं, पोलादी, हातात घेतलं तर अर्धा पाव लोणी धरल्यासारखं जड. त्यात सेल नाही. हात हलला की आतलं चक्र फिरतं आणि घड्याळ आपोआप किल्ली घेतं. काढून ठेवलं तर दीड-दोन दिवसांत बंद पडतं. तबकडीवर बारीक अक्षरात पाण्याचा आकडा होता, तीनशे मीटर. म्हणजे तीनशे मीटर खोल पाण्यातही काही होत नाही.

"आपल्या तलावात तीनशे मीटर पाणी कुठं आहे गा?" मी विचारलं होतं.

"तलावासाठी नाई घेतलं," दादा म्हणाला. "अशीच हौस."

मग एकदा चावडीजवळ बसलेलो असताना त्याने सहज सांगितलं, की दर पाचेक वर्षांनी याचं सर्व्हिसिंग करावं लागतं, मुंबईला पाठवावं लागतं, आणि त्याला अमुक इतके लागतात. आकडा ऐकून मी तांब्याभर पाणी प्यालो. "एवढ्यात तं जुनी स्कूटी येते," मी म्हणालो. दादा म्हणाला, "स्कूटीलेबी सर्व्हिसिंग लागते." पण त्यानेही ते केलेलं नव्हतं. आठ वर्षं झाली होती. चालू आहे ना, मग कशाला खोलायचं, असं आमच्या दोघांचंही मत. माणसाच्या शरीराबद्दलही आमचं तेच मत होतं, हे पुढे महागात पडलं.

तीन वर्षांपूर्वीची रोवणी. मृगाने दगा दिला होता, मग आर्द्रा अशा कोसळल्या की नांगरांना उसंत नाही. दादा बांध दुरुस्त करताना मधेच बसला. म्हणाला, पित्त झालं. दोन दिवसांनी नागपूरच्या दवाखान्यात कळलं, की हृदयाच्या तीन नळ्या बंद होत आल्यात. बायपास. डॉक्टर भला माणूस, कागदावर चित्र काढून समजावत होता. मी त्या चित्राकडे बघत होतो आणि त्याचं एकच वाक्य माझ्या कानात घुसून बसलं: ऑपरेशन चालू असताना हृदय काही वेळ थांबवून ठेवतात, तेवढा वेळ मशीन काम करतं, नंतर ते पुन्हा चालू करतात. पुन्हा चालू करतात. कसं? आणि नाही झालं तर? हे मी विचारलं नाही. शेजारी वहिनी होती.

तपासण्यांना आठवडा लागणार होता. दादाने मला खाटेजवळ बोलावलं. "मन्या, तू इथं बसून काय करशील? वहिनी आहे, पोरगा आहे. पऱ्हे म्हातारे होऊन राहिले. रोवणी आटोप." मग त्याने घड्याळ काढलं आणि माझ्या हातात चढवलं. कडी लावली, दोन बोटांनी दाबून पाहिली.

"थांबू देऊ नको."

एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून झोपला.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्याने काय समजायचं? परतीच्या बसमध्ये लाखांदूर येईपर्यंत मी कानाला मनगट लावून बसलो होतो. टिकटिक नाही, बारीक सळसळ होती, भिंतीत मुंग्या चालाव्यात तशी. आमच्या घरात शकुन-अपशकुन नाही, हे मी स्वतःला दहादा बजावलं. बाबा असते तर म्हणाले असते, लोखंडाचा आणि माणसाचा काय संबंध? काही संबंध नाही, बाबा. पण ही सळसळ बंद पडली आणि त्याच वेळी तिकडून फोन आला तर?

त्या आठवड्यातला माझा अवतार कोणी पाहू नये. झोपताना घड्याळ हातात. झोपेत हात स्थिर राहतो म्हणून मधेच उठून हात हलवायचो. बायको म्हणाली, "अवो, पंखा आहे नं वर, हातानं काहून वारा घेऊन राहिले?" वर्गात फळ्यावर लिहायला मला डाव्या हाताची सवय लागली. तरी भरवसा वाटेना. घड्याळाला बाजूला एक चावी असते. ती उलटी फिरवून मोकळी करायची, किल्ली द्यायची, मग दाबून पुन्हा घट्ट आवळायची. गरज काहीही नव्हती, हात दिवसभर हलतच होता. पण मी रोज सकाळी वीस फेरे द्यायचो. मोजून. नवस करणाऱ्यांना मी हसत आलो होतो, माझे वीस फेरे म्हणजे दुसरं काय होतं?

रजा टाकली आणि बांधीवर जाऊ लागलो. पंधरा-सोळा बाया रोवायला होत्या. त्यांची म्होरकी पारबताबाई, साठीची, पण पाठ वाकली की दुपारीच सरळ व्हायची. तिची नजर पहिल्याच दिवशी मनगटावर गेली.

"गुरुजी, चिखलात घड्याळ? खराब नाई होत?"

इथे मी माती खाल्ली. भित्र्या माणसाला कधीतरी ऐट करायची संधी मिळते, आणि तो ती सोडत नाही. म्हणालो, "पारबताबाई, हे तीनशे मीटर पाण्यात गेलं तरी काही होत नाही. समुद्रात बुडी मारणारे लोक घालतात." बाया हसल्या. एकीने विचारलं, "तीनशे मीटर म्हणजे किती वो?" मी हात लांब करून तलावाची पाळ दाखवली, तिथपर्यंत. बायांनी पाळीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि गाणं पुढे चालू केलं.

रोवणीचा शेवटचा दिवस आमच्याकडे वेगळा असतो. शेवटच्या बांधीतली शेवटची पेंढी रोवली, की बाया मालकाला धरतात आणि चिखलात लोळवतात. मालकाने पळायचं, ओरडायचं, शेवटी लोळायचं आणि मग सगळ्यांना भोजारा द्यायचा, म्हणजे रोवणी आटोपल्याचं जेवण. दरवर्षी दादा लोळायचा. बायांना त्याची सवय होती, तोही सदरा काढूनच बांधावर उभा राहायचा. त्या वर्षी दादा नव्हता. मला वाटलं, घरात आजारी माणूस आहे, या वर्षी सोडतील.

त्या सकाळी मी ओसरीवर बसून किल्ली देत होतो. बारा फेरे झाले होते. फोन वाजला. पुतण्या बोलला, "काका, परवा सकाळी नऊले घेऊन राहिले आत." मी हो म्हटलं. आणखी काय काय विचारलं ते आठवत नाही. फोन खिशात टाकला, चपला घातल्या, बांधीकडे निघालो. चावी आवळली का? नाही आवळली. हे मला संध्याकाळी आठवलं.

दुपारी चारला शेवटची पेंढी रोवून झाली. पारबताबाई सरळ झाली, बाकीच्या सरळ झाल्या, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"आज नको," मी म्हणालो. "दादा दवाखान्यात आहे."

"म्हणूनच तं," पारबताबाई म्हणाली. "भाऊ नाई तं त्याच्या वाटचं तुमी लोळा. रोवणी अर्धी सोडत नाई कोणी."

"अवो, घड्याळ, घड्याळ तं काढू द्या."

"तीनशे मीटरचं हाय नं गुरुजी. इथं तं घोटाभर पाणी हाय."

सोळा बायांपुढे एका गुरुजीचं काय चालणार? उताणा पडलो. हात वर धरला होता, तो हातही कोणीतरी प्रेमाने खाली दाबला. चिखल कोमट होता, कानात गेला, तोंडात गेला. बाया हसत होत्या आणि त्यांचा हेतू इतका चांगला होता की रागही धरता येईना. मला फक्त एवढंच वाटत होतं, की चिखलाखाली मला ती सळसळ ऐकू येत नाही.

संध्याकाळी नळाखाली घड्याळ धुतलं तेव्हा काचेच्या आतून, आतून हं, पांढरी वाफ धरलेली दिसली. आकडे धूसर. सेकंदकाटा चालू होता, पण पाण्यातून चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. बायको म्हणाली, "तांदळात ठेवा. मोबाईल नव्हता का सुधरला?" तांदूळ डब्यात होताच. मी घड्याळ त्यात पुरलं आणि दर तासाला बाहेर काढून कानाला लावलं.

सकाळी वाफ होतीच. साकोलीला एक बाई घड्याळं दुरुस्त करतात हे ऐकून होतो. नवऱ्याचं दुकान, तो गेल्यावर सुमनबाईंनी चालू ठेवलेलं. मोटारसायकल काढली. बाईंनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ फिरवून पाहिलं, आणि कडीतून तांदळाचा एक कण चिमट्याने काढून काउंटरवर ठेवला.

"तांदळात ठेवलं होतं?"

"हो."

"आपल्या भंडारा जिल्ह्याले हाच रोग हाय. काहीबी भिजलं की तांदळात. कोंडा जाते आत." मग त्यांनी चावी बोटाने हलवून दाखवली. "ही मोकळी होती. इथून पाणी शिरलं. आणि मोकळी नसती तरी शिरलं असतं कदाचित. आत रबराच्या कड्या असतात, शेवयीएवढ्या बारीक. जुन्या झाल्या की कडक होते, भेगा पडते. तीनशे मीटर नव्या घड्याळाचं असते गुरुजी. मग नुसतं लिहिलेलं राहते."

मी म्हणालो, खोला आणि पुसा.

"मी नाई खोलणार. माझ्याजवळ याची हत्यारं नाई, खोटं कायले बोलू? मुंबईले पाठवा. पण आधी याले थांबवा. चावी पूर्ण बाहेर ओढा, बंद होते."

"बंद नाही करायचं," मी म्हणालो.

"ओलं असताना चालत राहिलं तं आतले दाते एकमेकाले खातील. गंज धरन."

मग मी त्या अनोळखी बाईसमोर सगळं बोलून गेलो. दादा, तीन नळ्या, उद्या सकाळी नऊ, थांबू देऊ नको. मला त्याची लाजही वाटली नाही. सुमनबाईंनी भिंग काढलं. मला वाटलं, धीर देतील.

"हे पहा गुरुजी," त्या म्हणाल्या, "आता थांबवलं तं पुन्हा चालू करता येते. चालूच ठेवलं तं कायमचं थांबन. तुमच्या हातानं करा, मी नाई करत."

दोन बोटांत चावी धरली. ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ओढली. सेकंदकाटा सातावर थांबला. इतकं साधं होतं ते. रस्त्यावरून एक ट्रक गेला, समोर चहावाल्याने स्टोव्हला हवा मारली. मी फोनकडे पाहिलं. फोन वाजला नाही. तरी मी घरी येईपर्यंत तीन वेळा गाडी थांबवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात. भिंतीवर दवाखान्याचं मोठं घड्याळ होतं, त्याकडे मी पाहिलंच नाही. आत या क्षणी दादाचं हृदय थांबवलं असेल. थांबवलं तर पुन्हा चालू करता येते. मी हे वाक्य घोकत होतो, दहावीच्या पोरासारखं, अर्थ न कळता. वहिनी डोळे मिटून बसली होती. पुतण्या उगाच पाण्याची बाटली भरून आणत होता, न पिता ओतत होता आणि पुन्हा भरत होता. उन्हं फिरली. कितीतरी वेळाने हिरव्या कपड्यातला डॉक्टर बाहेर आला, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि म्हणाला, "चालू झालं. छान चालू आहे."

घड्याळ मुंबईला गेलं. तीन महिने लागले आणि खरोखरच एका जुन्या स्कूटीचे पैसे गेले, माझ्या खिशातून. परत आलं तेव्हा सोबत कागद होता: रबरी कड्या बदलल्या, गंज काढला, तेल दिलं, पाण्याच्या दाबाची चाचणी केली. दादाच्या कागदांवरही साधारण हेच लिहिलेलं होतं. ट्रेडमिलवर चालवून त्याचीही चाचणी झाली होती.

पण त्याआधी, दादा घरी आल्यावर पंधरा दिवसांनी, मी कबुली दिली. चिखल, तांदूळ, साकोली, सगळं. तुझं घड्याळ मी माझ्या हाताने थांबवलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. दादा हसायला लागला. छातीचे टाके दुखू नयेत म्हणून उशी कवटाळून हसत होता.

"मन्या, ते आखातात महिना महिना पेटीत बंद पडून राहे. ड्युटीवर घालू देत नव्हते."

"मग मले काहून सांगितलं, थांबू देऊ नको म्हणून?"

त्याने उशी खाली ठेवली.

"तू भेतोस, मले माहीत आहे. घरी एकटा बसून माहं भेव घेऊन बसला असतास. त्याच्यापेक्षा लहान भेव द्याव म्हणलं." मग म्हणाला, "दवाखान्यात अंडं कुठून आणू गा?"

मी उठून परसात गेलो आणि उगाच विहिरीत वाकून पाहत उभा राहिलो. मास्तरीणबाई अंडी खातच नव्हत्या, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं.

त्यानंतरच्या दोन्ही रोवण्यांना दादाच लोळला. डॉक्टरला न विचारता. घड्याळ आधी काढून बांधावरच्या पळसाला लटकवायचा आणि पारबताबाईला म्हणायचा, "चाल व, मी तयार आहे." दर आषाढात तपासणीसाठी नागपूरला जायचा, जाताना हातात घड्याळ, येताना हातात घड्याळ आणि पिशवीत संत्र्याची बर्फी.

आज सकाळी तो तपासणीला गेला. पुतण्या आला होता न्यायला. परवापासून आमची रोवणी लागते. मी फाट्यावर बसपर्यंत सोडायला गेलो. पाऊस थांबला होता, दोन्ही बाजूंना पऱ्हे हिरवेगार. दादा पऱ्ह्यांकडे बघत होता. या खेपेला लवकर दमतोय हे मी पाहिलं होतं, पण पाहिलं नाही असं ठरवलं होतं.

"साधीच तपासणी आहे नं?" मी विचारलं.

"साधीच आहे."

बस वळणावर दिसली. दादाने कडी उघडली, घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटावर चढवलं. दोन बोटांनी दाबून पाहिलं.

"राहू दे तुझ्याजवळ."

"काहून?"

"सहज गा. थांबू देऊ नको."

तो चढला, खिडकीशी बसला, हात हलवला. मनगटाच्या जागी पांढरा पट्टा होता.

ओसरीवर बसून हे लिहितोय. घड्याळ चालू आहे, मिनिटाचाही फरक नाही. चावी आवळून पाहिली, घट्ट आहे. रबरी कड्या नव्या आहेत, तीनशे मीटर पाण्यातही याला काही होणार नाही, तसा कागद आहे माझ्याकडे. खूप प्रयत्न करतोय, की याचीच काळजी करावी. होत नाही. अंडं कशासाठी देतात ते आता मला माहीत आहे. हातातलं अंडं दिसतच नाही. नुसता नाला दिसतो.